अगाशीवरची अँटेना कायमची उतरवू नये, याबाबत

वडोदरा, 20 डिसेंबर

माननीय अध्यक्ष,
सा. न. वि. वि.

उत्तरायणाआधी अगाशीवरच्या सगळ्या तारा आणि खांब काढावेत व पुन्हा लावू नयेत, अशी नोटीस रविवारी लिफ्टशेजारी लागली. तारा काढण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. 12 जानेवारीला मी माझी रेडिओच्या अँटेनाची तार उतरवणारच होतो, दरवर्षी उतरवतो. उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस अगाशीवर पाय ठेवायला जागा नसते, आणि पतंगाकडे मान वर करून मागे मागे सरकणाऱ्या मुलाला बारीक तार दिसत नाही. 16 तारखेला अडकलेला मांजा काढून, पक्ष्यांच्या पायात येईल असा एक धागाही न ठेवता मी ती परत लावतो. हे पत्र फक्त ‘पुन्हा लावू नयेत’ या शब्दांसाठी आहे.

माझ्याकडे केंद्र सरकारचं हौशी रेडिओचं लायसन्स आहे, म्हणजे घरच्या रेडिओ सेटवरून लांबच्या हौशी मंडळींशी बोलायची परवानगी. त्याची प्रत सोबत जोडली आहे. कमिटीतल्या काहींना तो खांब म्हणजे छोटा मोबाइल टॉवर वाटतो, म्हणून तिथे नेमकं काय आहे ते सांगतो. टाकीच्या भिंतीला बांधलेला एक पाइप, त्याच्या टोकापासून दोन्ही बाजूंना उतरणारी तांब्याची साधी तार, आणि मधून खाली माझ्या खिडकीत येणारी काळी केबल. बस्स. तारेची लांबी ठरवायला 143 ला मेगाहर्ट्‌झने भागायचं. मी 7.1 मेगाहर्ट्‌झवर बोलतो, म्हणजे साधारण 20 मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा. आधी थोडी जास्तच कापायची आणि मीटरचा काटा बघत वीतवीत कमी करत जायचं. नोव्हेंबरात मी तेच करत होतो, आणि ‘हे रोज वर काय करतात’ अशी विचारणा वॉचमनकडे झाली होती.

सेट 100 वॅटचा आहे. या लहरींनी क्ष-किरणांसारखा अपाय होत नाही, पण बोलत असताना तारेला हात लागता कामा नये हे खरं. तारेच्या टोकांशी व्होल्टेज सगळ्यात जास्त असतं, शंभर वॅटवर शेकडो व्होल्ट, आणि बोट भाजतं. म्हणून दोन्ही टोकं मी अगाशीच्या जमिनीपासून 10 फुटांवर नायलॉनच्या दोरीने बांधली आहेत. कपडे वाळत घालणाऱ्यांचा हात तिथे पोचत नाही. ती दोरी उन्हाने दोन-तीन वर्षांत भुरभुरीत होते, म्हणून यंदा नवी घेतली आहे.

आता 302 मधल्या आजींची तक्रार. संध्याकाळी त्यांचा टीव्ही अडकतो. मी प्रत्येक बोलण्याची वेळ वहीत लिहितो. त्यांनी तीन संध्याकाळच्या वेळा दिल्या, त्यांतल्या एकाही वेळी माझा सेट चालू नव्हता. केबलवाल्याला घेऊन वर गेलो तर बूस्टरजवळचा कनेक्टर गंजून सुटत आला होता. तो बदलला आणि टीव्ही नीट झाला. पण 204 मधली तक्रार मात्र माझीच होती. त्यांच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरमधून माझा आवाज बोबडा होऊन येत होता, कारण स्पीकरची लांब वायरच अँटेनासारखी वागत होती. मी एक फेराइटची, म्हणजे वायरमधल्या रेडिओलहरी अडवणारी, रिंग नेली, ती वायर स्पीकरच्या तोंडाशी तिच्यातून सात वेळा गुंडाळली, आणि वर येऊन बोललो. खाली काही ऐकू आलं नाही. अशी रिंग मी कोणालाही आणून देईन. फक्त आवाज आला ती तारीख आणि वेळ लिहून ठेवा, म्हणजे वही ताडून पाहता येते.

वीज पडण्याची भीती रास्त आहे. पाइपाला जाड तांब्याची पट्टी लावून ती इमारतीच्या अर्थिंगला जोडली आहे. आपल्या वायरमनकडून एकदा तपासून घ्यावी ही माझीच विनंती. आकाश काळवंडलं की मी केबलचा प्लग सेटमधून काढून भिंतीपासून लांब ठेवतो. पावसाळ्यात केबलच्या जोडावर खरं लक्ष ठेवावं लागतं. मागे एकदा ऐकण्यात अडथळा का वाढला म्हणून जोड कापून पाहिला, तर तांब्याची जाळी आतून काळी पडली होती. पाणी टेपखालून झिरपलं होतं. तेव्हापासून रबराची चिकटणारी टेप खालून वर गुंडाळतो.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने धोक्याची पातळी ओलांडली, खाली मीटरच्या खोलीत पाणी शिरलं आणि आपल्याकडे दोन दिवस वीज नव्हती. मोबाइलही धड लागत नव्हते. त्या दुपारी मी गाडीची बॅटरी उचलून वर आणली. शंभर वॅटवर सेट वीसेक अँपिअर ओढतो, बॅटरी फार टिकली नसती, म्हणून 25 वॅटवर आणला. पुण्याच्या एका हॅमने, म्हणजे माझ्यासारख्याच हौशी रेडिओवाल्याने, सव्वाचारशे किलोमीटरवरून उत्तर दिलं. एरवी तिऱ्हाइताचे निरोप पोचवायची आम्हाला मुभा नसते, आपत्तीत असते. आपल्या इमारतीतल्या अकरा घरांचे ‘आम्ही सुखरूप आहोत’ असे निरोप त्याने फोनवरून पोचवले. 2001 मध्ये भूजच्या भूकंपानंतरही हॅम मंडळींनी हेच काम केलं होतं. ती तार त्या दिवशी वर नसती तर नुसत्या सेटचा उपयोग नव्हता. पुरात कोणी पाइप चढवायला जात नाही.

ए विंगमधली दोन मुलं शिकायला येतात. त्यांच्या पालकांसाठी इथेच लिहितो. ऑनलाइन मिळणारे बरेचसे स्वस्त वॉकी-टॉकी लायसन्सशिवाय घेऊन बोलणं बेकायदा आहे, ते आणू नका. आधी परीक्षा, मग सेट. सेटही जुना चालेल, पैसा केबल आणि अर्थिंगवर घाला. महिनाभर नुसतं ऐकू द्या. आवाज मंद होणं, परत येणं, कोण कधी थांबतो, हे कानानेच कळतं.

नोटिशीतले ते तीन शब्द माझ्यापुरते मागे घ्यावेत आणि 16 जानेवारीपासून तार लावायची लेखी परवानगी द्यावी, ही विनंती. खांबामुळे अगाशीचं काही नुकसान झालं तर दुरुस्ती माझ्या खर्चाने, हे लिहून देतो. मिटिंगआधी एखाद्या संध्याकाळी वर आलात तर सगळं दाखवता येईल. मी साडेसातनंतर घरीच असतो, अगाशीची दुसरी किल्ली वॉचमनकडे आहे. गुजराती प्रत सेक्रेटरींकडे दिली आहे.

आपला,
बी-504