फरक न आढळलेल्या संशोधनालाही गुण मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बेळगावात अनेक वर्षे संख्याशास्त्र शिकवले. निवृत्तीच्या सुमारास एक तरुण प्राध्यापक आकड्यांची वही घेऊन घरी आले. तालुक्याच्या पश्चिम भागातील रताळ्याच्या शेतात त्यांनी दोन हंगाम एका जिवाणू खताचा प्रयोग केला होता. खत घातलेल्या आणि न घातलेल्या वरंब्यांचा उतारा जवळपास सारखाच होता. ‘फरकच आला नाही ओ सर, आणि मार्चमध्ये बढतीची फाइल जायची आहे,’ असे ते म्हणाले. मग लाल माती वेगळी, आगाप लागवड वेगळी, मोठ्या कंदांचे वजन वेगळे असे करत आकडे पुन्हा पुन्हा चाळले गेले आणि अखेर एका रकान्यात ०.०५ पेक्षा लहान ‘पी’ सापडला; म्हणजे खताचा काहीच परिणाम नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी, आणि असा फरक दखलपात्र मानण्याची प्रथा आहे. छापून आला तो तेवढाच रकाना. मी त्यांना अडवले नाही, याची खंत मला आजही आहे.

खतात काहीही गुण नसला, तरी एकमेकींवर अवलंबून नसलेल्या वीस तुलना केल्यास निदान एकीत असा ‘फरक’ निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. शेतकऱ्याला मात्र बाकीच्या तुलना कधी दिसतच नाहीत; तो छापलेल्या आकड्यावर विसंबून खताचे पोते घरी आणतो.

त्या प्राध्यापकांना लबाड ठरवणे मला पटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखांसाठी मान्यताप्राप्त नियतकालिकातील प्रत्येक शोधनिबंधाला ८ गुण ठेवले होते आणि ‘फरक आढळला नाही’ असे सांगणारा निबंध नियतकालिके सहसा स्वीकारत नाहीत. मानसशास्त्रातील निबंधांची २०२१ साली तुलना झाली, तेव्हा नेहमीच्या पद्धतीने छापलेल्या ९६ टक्के निबंधांत पहिले गृहीतक खरे ठरलेले दिसले. पण प्रयोगाचा आराखडा आधीच तपासून, निष्कर्ष कोणताही आला तरी छापण्याची हमी दिलेल्या निबंधांत हेच प्रमाण ४४ टक्के होते.

औषधांच्या चाचण्यांची आगाऊ नोंदणी आपल्या देशात १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. बेळगावातील विद्यापीठांनी शेती आणि समाजशास्त्रांच्या प्रयोगांसाठीही तशी नोंदवही सुरू करावी, बढतीच्या वेळी निबंध मोजण्याऐवजी नोंदवलेला आराखडा आणि सगळे आकडे तपासावेत आणि फरक न आढळलेल्या नेटक्या प्रयोगाला तितकेच गुण द्यावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, बेळगाव