साइट बंद पडायच्या आधीच सोय करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तालुक्याच्या बातम्या देणारी छोटी मराठी पोर्टलं आता गावोगावी झालीयेत, त्यातली बरीचशी स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेकांत वाटून घेतलेल्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतात आणि अशा एक-दोन साइट्सचं तांत्रिक काम मी बघतो म्हणून हे पत्र. कुणाला एखादी बातमी झोंबली की साइटवर डीडॉसचा मारा करायला आता फार अक्कल लागत नाही, ते चक्क भाड्याने मिळतं. पासवर्ड चोरायचा नाही, काही पुसायचं नाही, नुसतं हजारो मशीन्सवरून एकदम इतका ट्रॅफिक सोडायचा की खऱ्या वाचकाला साइट उघडताच येत नाही.

मग होस्टिंगवाला काय करतो, तर आपलंच अकाउंट सस्पेंड करतो! एका सर्व्हरवर शेकडो साइट्स असतात, एकीमुळे सगळ्या झोपतात, त्यामुळे त्याचंही अगदीच चूक नाही म्हणा, पण हल्लेखोराला हवं होतं ते आयतंच मिळालं ना.

आणि हे फक्त छोट्यांचंच होतं असंही नाही. ब्रायन क्रेब्स या अमेरिकन पत्रकाराने २०१६ च्या सप्टेंबरमध्ये असे हल्ले भाड्याने देणाऱ्या एका धंद्याचं बिंग फोडलं, लगेच त्याच्या साइटवर सेकंदाला सुमारे ६२० गिगाबिटचा मारा झाला. अकामाईसारखी बडी कंपनी त्याला फुकट संरक्षण देत होती, तिनेही हात वर केले. शेवटी गुगलच्या प्रोजेक्ट शील्ड या हल्ले अडवणाऱ्या सेवेने साइट परत उभी केली. मारा कुठून आला, तर लोकांच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांमधून, डीव्हीआर आणि राउटरमधून, कारण त्यांचे कंपनीने दिलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते. आपल्या सोसायट्यांमधले कॅमेरे कुणी तपासलेत का?

प्रोजेक्ट शील्ड बातम्यांच्या साइट्सना आजही फुकट आहे, अर्ज करावा लागतो एवढंच. साइटचा ट्रॅफिक आधी स्वतःकडे घेऊन गाळून पुढे सोडणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीनेही २०१७ पासून फुकट प्लॅनवर डीडॉस संरक्षणाला मर्यादा ठेवलेली नाही. म्हणजे पैशाचा प्रश्न नाहीये, आळसाचा आहे.

पण खरी गोम पुढे आहे. लोक क्लाउडफ्लेअर लावतात आणि निवांत होतात, सर्व्हरचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मात्र तोच जुना. तो जुन्या डीएनएस नोंदींमध्ये (साइटचं नाव कुठल्या आयपीवर जातं त्या नोंदी) सापडतो, साइटवरून जाणारा ईमेल त्याच सर्व्हरवरून जात असेल तर त्या मेलच्या हेडरमध्येही, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीतही दिसू शकतो, मग हल्लेखोर पुढचं दार सोडून थेट मागच्या दारी येतो. म्हणून संरक्षण लावलं की आयपी बदलून घ्यायचा, मेल दुसरीकडे न्यायचा, आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये फक्त संरक्षण देणाऱ्याचेच पत्ते आत सोडायचे. शेअर्ड होस्टिंगवर हे आपल्या हातात नसतं, तेव्हा रिन्यूअलचे पैसे भरायच्या आधीच कंपनीला विचारा, हल्ला झाला तर तुम्ही नक्की काय करणार? उत्तर गोलमाल आलं तर दुसरी बघा. शिवाय साइट वर्डप्रेसवर बनवलेली असेल तर लॉगिन, सर्च आणि एक्सएमएल-आरपीसी (बाहेरच्या अ‍ॅप्सनी साइटशी बोलायची वाट) यांच्यावर रेट लिमिट लावा, म्हणजे एकाकडून ठरावीक वेळात ठरावीकच विनंत्या घ्या; ही पानं सहसा कॅशमधून, म्हणजे आधीच साठवलेल्या प्रतीतून जात नाहीत, दर वेळी सर्व्हरलाच राबावं लागतं, त्यामुळे थोड्या ट्रॅफिकमध्येही साइट आडवी होते.

तक्रारीचं म्हणाल तर आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचंही असतं, हे छोट्या पोर्टलवाल्यांपैकी कितीजणांना माहितीये देव जाणे. आपल्या पेपरने एकदा हे नीट छापावं ही विनंती. आणि पोलिसांकडे जायचं तर हातात सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याच्या नोंदी हव्यात, ते लॉग होस्टिंगवाल्याकडून त्याच दिवशी मागून घ्या, काही दिवसांनी तो सांगतो की डिलीट झाले.

आपला,
एक वाचक, सांगली