‘झोपेच्या गोळ्या’ नव्हेत!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जागतिक मानसिक आरोग्य दिनानिमित्त (१० ऑक्टोबर) आपल्या अंकात प्रसिद्ध झालेला मजकूर वाचला. त्यात लक्षणे होती, कारणे होती, तज्ज्ञांकडे जाण्याचे आवाहनही होते. पण तज्ज्ञांची चिठ्ठी हातात पडल्यावर पुढे काय होते, हे सदाशिव पेठेत चौतीस वर्षे औषधांचे दुकान चालवल्यामुळे मला जवळून दिसते, म्हणून हे पत्र.

मनोविकारतज्ज्ञांची चिठ्ठी आणणारा माणूस बहुधा गर्दी ओसरेपर्यंत पायरीवर घुटमळतो आणि मग डॉक्टरांच्या नावाचा भाग मागे दुमडून चिठ्ठी पुढे करतो. मधुमेहाची चिठ्ठी अशी कोणी दुमडत नाही. कित्येकदा तो कोथरूडहून किंवा हडपसरहून मुद्दाम लांबच्या दुकानात आलेला असतो. ‘याला येरवड्याला पाठवा’ हा तिथल्या मनोरुग्णालयावरचा विनोद आपण पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत; त्याची किंमत हा माणूस रिक्षाच्या भाड्यात मोजत असतो.

गेल्या पावसाळ्यात एक वयस्कर गृहस्थ मुलाच्या औषधाच्या तीन पट्ट्या परत करायला आले. पहिल्या पट्टीतील सहा घरे फोडलेली, बाकी सारे जसेच्या तसे. “फरक काही नाही, वर मळमळ सुरू झाली. आणि या झोपेच्या गोळ्यांची उगाच सवय लागायला नको,” असे ते म्हणाले. वस्तुतः ते नैराश्यावरचे, एसएसआरआय गटातील औषध होते, झोपेचे नव्हे. या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. मळमळ, डोकेदुखी असा त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात होऊन पुढे बहुधा ओसरतो. म्हणजे त्रास आहे आणि गुण नाही, अशा नेमक्या दिवसांत औषध बंद होते. पुढे बरे वाटू लागल्यावरही ते किमान सहा महिने चालू ठेवण्यास डॉक्टर सांगतात, कारण आधीच थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका असतो. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही. पण त्या एकदम सोडल्यास चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

गंमत म्हणजे त्याच गृहस्थांनी जाता जाता स्वतःसाठी चिठ्ठीविना अल्प्राझोलमची, म्हणजे घबराट कमी करणाऱ्या आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्यांची, पट्टी मागितली. सवय लागण्याची भीती खरी आहे ती या गोळीबाबत, आणि तीही काही आठवड्यांतच. मी अर्थातच दिली नाही.

“त्याला काय कमी आहे?” हा प्रश्नही काउंटरवर नेहमी ऐकू येतो. नैराश्यामागे आनुवंशिकता, जवळच्या माणसाचा मृत्यू, वर्षानुवर्षांचा ताण, बाळंतपण अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. थायरॉइडची किंवा बी-१२ची कमतरताही नैराश्यासारखी दिसू शकते, म्हणून डॉक्टर अनेकदा आधी रक्त तपासायला सांगतात. शिवाय, सगळा इलाज गोळीतच असतो असेही नाही. सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसे ठरू शकते. पुन्हा पुन्हा हात धुण्यासारख्या मंत्रचळात, भीती वाटते त्या गोष्टीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन ती कृती रोखून धरण्याचा सराव करून घेतात, आणि तो चांगला लागू पडतो. हे सांगायला औषधविक्रेत्याने संकोचू नये.

बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. जे पोहोचतात, त्यांतलेही काही सहाव्या गोळीला गळतात, हा माझा अनुभव. पट्टीवरच्या सूचना बहुधा इंग्रजीत, आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या अक्षरांत असतात.

म्हणून मी एक रबरी शिक्का करून घेतला आहे. या औषधांच्या पिशवीवर तो उमटवतो: ‘गुण यायला काही आठवडे लागतात. बरे वाटले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. बोलायचे असल्यास टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, दूरध्वनी १४४१६, विनामूल्य.’ शहरातील इतर औषधविक्रेत्यांनी हा मजकूर खुशाल उचलावा. शिक्क्याला खर्च फारसा येत नाही.

आपला,
एक औषधविक्रेता,
सदाशिव पेठ, पुणे ३०