मावळ्याच्या आत स्वेटर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पार्सलमध्ये ईशानचा अंगरखा, मुंडासं, शेला आणि पुठ्ठ्याची ढाल आहे. अंगरखा ढगळ वाटेल, पण शिंप्याला बोल लावू नकोस. मीच दोन मापं मोठा शिवून घेतला. आत थर्मल, वर फ्लीस आणि वेळ पडली तर अख्खा स्नोसूट मावला पाहिजे. ह्यूस्टनला तुमचं हॅलोवीन, म्हणजे सोंग घेऊन दारोदार खाऊ मागत फिरणं, टी-शर्टवर भागत होतं. आता मिनेसोटातलं डुलुथ आहे, आणि लेक सुपीरियरवरून येणारा वारा कुणाची भीड ठेवत नाही.

१९९१चं हॅलोवीन तुला आठवत नसेल, लहान होतीस. मिनिआपोलिसला ३१ ऑक्टोबरला बर्फ सुरू झाला तो ३ नोव्हेंबरपर्यंत. २८.४ इंच! तुमच्या डुलुथला तर ३६.९. तरी त्या संध्याकाळी दारावर पोरं आलीच, स्नोसूटवरून चेटकिणीचे झगे चढवून. आपली शेजारीण दरवर्षी मुलांची सोंगं मोठ्या मापाचीच घ्यायची. ही युक्ती तिची.

बहुतेक घरांत थंडीची आठवण होते ती दारातून निघताना. तोवर पोर नटून आरशापुढे मिरवत असतं. मग वरून जॅकेट चढवायचं, की मावळा जातो आणि भोकाड पसरलेलं पोरगं उरतं. म्हणून ऊब आधी, सोंग तिच्यावरून.

आत सुती बनियन घालू नकोस. हे मी सांगतेय याचं तुला हसू येईल, पण पोरं या घरातून त्या घरी पळतात, घामेजतात आणि मग दारात ताटकळत उभी राहतात. घामाने भिजलेलं सुती लवकर वाळत नाही, अंगाला गार चिकटून बसतं. मेरिनो लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल घे. मोज्यांच्या दोन जोड्या कोंबू नकोस. बूट आवळला की पाय उलट जास्त गार पडतात. लोकरीची एकच जोडी, आणि बोटं हलतील इतका सैल बूट.

मुंडाशाखाली कानटोपी. मुखवटा नकोच, श्वासाने आतून ओला होतो आणि नीट दिसतही नाही. काजळाने मिशी काढ. शेल्याची टोकं कमरेला खोच, कारण पायऱ्यांवरच्या भोपळ्यांत काही जण अजून खऱ्या मेणबत्त्या लावतात. ढालीवर चमकणारी पट्टी चिकटवली आहे, गाड्यांच्या उजेडात दिसेल.

हात गरम ठेवायच्या त्या पुड्या वापरायच्या तर कातडीला लागून नकोत. त्यातली लोखंडाची भुकटी हवेने चांगलीच तापते, भाजू शकतं. आणि गाडीने जाणार असलात तर सीटचा पट्टा लावण्याआधी स्नोसूट उतरव. जाड कपडा धडकेत दबतो आणि पट्टा सैल पडतो.

समीररावांना फुगवायचा डायनासोर व्हायचंय म्हणालीस. होऊ देत, पण त्यांना सांग, त्यातला पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो. बाहेरून जाडजूड दिसलं तरी आत स्वेटर लागेलच.

ईशान 'मला थंडी नाही' म्हणेल. त्याचं ऐकू नकोस. अधूनमधून मानेमागे कॉलरच्या आत हात घालून बघ. गार लागली किंवा तो कुडकुडायला लागला, की पिशवी अर्धी का असेना, घरी. तलवार मुद्दामच पाठवली नाही. हातमोज्यातल्या हातांना पिशवी, टॉर्च आणि ढाल पुष्कळ झाली.

फोटो पाठव, पण आधी त्याला आत घे.

तुझी,
आई

ता. क. मुंडासं मशीनला लावू नकोस, रंग जातो.