बाबांच्या मशीनवरचा आकडा

ती. आई-बाबा,
सा. न.

काल फोनवर माझा आवाज चढला, त्याबद्दल आधी माफी. पण बाबा, झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून हवा देणाऱ्या तुमच्या सीपॅप मशीनच्या प्रेशरबद्दल तुम्ही किती सहज म्हणालात, "अगं, चौदाचं आठ करून टाकलं, आता कसं हलकं वाटतंय!" ते ऐकून माझ्या हातातून फोन पडायचाच बाकी होता. फोनवर आपलं नुसतं भांडण होतं, म्हणून लिहायला बसले.

आईने तिच्या वहीचं पान पाठवलंय, ते समोर आहे. तीन रकाने : प्रेशर, एएचआय (तासाला श्वास किती वेळा अडला) आणि घोरणं. तिसऱ्या रकान्यात २ तारखेपर्यंत 'नाही, नाही, नाही'. ३ तारखेला 'थोडं'. ४ पासून 'हो', आणि ५ ला 'हो'खाली दोन रेघा. मधल्या रकान्यात आधी २.६, ३.१, २.२, मग ९.४, १२, १३.८. पहिल्या रकान्यात ११.४ वरून थेट ८, आणि पुढे रोज ८. बाबा, तुम्ही फक्त हा पहिला रकाना वाचता आणि खूश होता.

घोटाळा इथेच आहे. तुम्ही प्रेशरचा आकडा बीपी किंवा शुगरसारखा वाचताय, कमी तेवढा चांगला. फिरायला येणाऱ्या तुमच्या मित्राचं प्रेशर सात, तुमचं अकरा, म्हणजे तुमची तब्येत जास्त बिघडलेली, असा तुमचा हिशेब. पण बीपी हे शरीरात काय चाललंय त्याचं मोजमाप. हा आकडा तुमचा घसा उघडा राहायला बाहेरून किती हवेचा टेकू लागतो, एवढंच सांगतो. बुटाच्या मापासारखं समजा. मित्राचा सात नंबरचा बूट तुम्ही घातलात तर तुमचा पाय लहान होणार नाही, फोड येतील. भरपूर घोरणाऱ्या, रात्रभर श्वास अडणाऱ्या माणसाचं आठवर भागू शकतं आणि कमी त्रास असलेल्याला बारा लागू शकतात. घशाची ठेवण, जीभ, मान, नाक, सगळ्यांचा त्यात वाटा असतो.

झोपेत सगळे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही. जिभेमागच्या त्या भागाला भोवतीने हाडाचा आधार नसतो. ओल्या झालेल्या कागदी स्ट्रॉमधून जोरात ओढलं की ती कशी चपटी होऊन चिकटते, तसंच तिथे होतं. छाती हवा ओढत राहते, वाट बंद, मेंदू दचकून जागा करतो, घुर्रर्र करून श्वास सुटतो, आणि पुन्हा तेच. मशीन वेगळं काही करत नाही. चिकटणारी ती नळी आतून हवेने फुगवून धरतं.

किती जोराने, ते स्वतःच करून बघा. त्या आकड्याचं एकक आहे 'सेंटिमीटर पाणी'. उंच भांड्यात पाणी घ्या, स्ट्रॉवर टोकापासून ११ सेंटिमीटरवर पेनने खूण करा, खुणेपर्यंत स्ट्रॉ सरळ बुडवा आणि हळूच फुंका. पहिला बुडबुडा सुटतो तेवढ्या दाबाला तुमचं मशीन 'अकरा' म्हणतं. सायकलच्या चाकात याच्या अडीचशे पट तरी दाब असतो. त्यामुळे 'एवढ्या प्रेशरने फुफ्फुसं फुटतील' हे जे कोणी तुमच्या डोक्यात भरवलंय, ते काढून टाका.

एक गंमत सांगते, तुम्हाला यंत्रांची आवड आहे म्हणून. हा उपाय सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांचा. त्यांनी १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा अनुभव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. सुरुवातीचं यंत्र म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरची मोटर, आत ओढायच्या ऐवजी बाहेर फुंकणारी. त्या पाच जणांना ४.५ ते १० इतकं प्रेशर पुरलं होतं. म्हणजे तुमचे अकरा काही जगावेगळे नाहीत. घरी वापरायची बहुतेक मशीन ४ ते २० या पट्ट्यात चालतात.

आता तुम्ही नेमकं काय केलंत ते. तुमचं मशीन ऑटो आहे. डॉक्टरांनी त्याला खालची मर्यादा ७ आणि वरची १४ दिली होती. याचा अर्थ ते रात्रभर १४ ने फुंकत नव्हतं. ते तुमचा प्रत्येक श्वास बघतं : हवा अडखळायला लागली, घोरण्याची थरथर आली, की थोडं वर जातं, आणि सगळं शांत झालं की खाली येतं. कुशीवर असताना सातवर भागत असेल. पाठीवर वळलात, किंवा स्वप्नं पडणारी झोप लागली, की घसा जास्त सैल होतो आणि अकरा लागतात. सकाळी दिसणारा ११.४ हा सरासरीचा आकडा नाही. रात्रीतला ९५ टक्के वेळ प्रेशर ११.४ किंवा त्याहून कमी होतं, असा त्याचा अर्थ. तुम्ही छत आणून ठेवलंत आठवर. आता मशीन त्या छताला डोकं टेकून उभं आहे आणि घसा डोळ्यांदेखत बंद होतोय. वहीत रोज ८ येतात ते प्रकृती सुधारली म्हणून नाही, मशीनला वर जायला जागाच नाही म्हणून.

बघायचा तो मधला रकाना. एएचआय म्हणजे तासाला किती वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा फारच उथळ झाला. मशीन लावून हा आकडा पाचच्या खाली राहावा अशी अपेक्षा असते, आणि तुमचा राहत होता. १३.८ गुणिले सात तास, करा हिशेब : एका रात्रीत जवळजवळ ९७ वेळा. आणि हाही आकडा जरा खुशामत करणारा आहे, कारण तुम्ही झोपलाय की जागे, हे मशीनला नीटसं कळत नाही. ते चालू असलेल्या तासांनी भागतं. तुम्ही मास्क लावून अर्धा तास रेडिओ ऐकत पडता, तोही भागाकारात येतो. दुपारी पेपर वाचताना मान टाकायला लागलात, हे आईने समासात लिहिलंय. मला तो पुरावा १३.८ पेक्षा मोठा वाटतो.

आता तुमच्या बाजूचं. तुम्हाला त्रास होत होता हे खोटं नाही, आणि ते ऐकून न घेता मी भांडले. मशीन घेऊन आलेला माणूस दहा मिनिटांत बटणं दाबून गेला, कुठला आकडा कशाचा हे कोणी सांगितलंच नाही. तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि दोन्हींचं कारण वेगळं आहे.

पहिली, लावल्या लावल्या गुदमरतं. तुम्हाला वाटलं, प्रेशर जास्त म्हणून. मला तर उलटं वाटतं. तुमच्या मशीनवर रॅम्प चालू आहे, म्हणजे झोप लागेपर्यंत ते चारपासून हळूहळू चढतं. पुष्कळ मोठ्या माणसांना चारवर हवा पुरत नाहीशी वाटते. रॅम्प सहापासून सुरू करता येतो किंवा अजिबात बंदही ठेवता येतो. डॉक्टरांना नेमकं 'सुरुवातीच्या पाच मिनिटांत गुदमरतं' असं सांगा. नुसतं 'त्रास होतो' म्हणू नका, तुमची ती सवय आहे.

दुसरी, श्वास सोडताना जोर लावावा लागतो. त्यासाठी श्वास सोडताना प्रेशर एक, दोन किंवा तीनने खाली आणायची सोय बहुतेक मशीनमध्ये असते. काही जणांत त्यामुळे श्वास अडणं थोडं वाढतं, म्हणून तीही विचारून. एवढ्यासाठी मूळ प्रेशर कापायची गरज नव्हती. पोट फुगणं, सकाळी ढेकर येत राहणं हे होत असेल तर तेही सांगा. ती हवा पोटात जात असते, आणि तिथे प्रेशरचा फेरविचार खरंच करतात.

आई, एक काम तुझ्याकडे. बाबा मास्क बसवून बघतात तेव्हा कवळी तोंडात असते, मग झोपताना काढतात. कवळी काढली की गाल आत जातात आणि मास्कच्या कडेने हवा निसटते. मग ते पट्टे आवळतात आणि नाकावर तो लाल वळ येतो. मास्क आडवं पडून, कवळी काढून आणि मशीन चालू ठेवून बसवायचा. तोही मास्क तपासायच्या बटणाने प्रेशर वर नेऊन, कारण सहावर घट्ट वाटणारा मास्क अकरावर उचलला जातो. आवळायचा नाही, जरा उचलून पुन्हा टेकवायचा, मग मास्कची मऊ कड आपोआप फुगून बसते. वहीत 'लीक'चा चौथा रकाना आखशील? लीक जास्त असेल तर बाकीच्या तिन्ही रकान्यांवर मी फारसा विश्वास ठेवणार नाही.

आणि बाबा, आता घाबरून स्वतःच प्रेशर वाढवू नका. काही वेळा श्वास थांबतो तेव्हा घसा उघडाच असतो, मेंदूकडून हुकूमच येत नाही. अशा थांबण्यावर जास्त प्रेशर चालत नाही, उलट कधी कधी त्याने असं थांबणं वाढतं. रिपोर्टमध्ये असे थांबलेले श्वास वेगळे मोजलेले असतात. तुमचे सध्या नगण्य आहेत, ते तसेच राहू देत.

तर आज संध्याकाळी दवाखान्यात फोन करा. आपणच आठ केलं होतं हे सरळ सांगा, लाजू नका, आणि आधीच्या मर्यादा त्यांच्याकडूनच लावून घ्या. मशीनमधलं कार्ड घेऊन जा, त्यात रोजच्या रात्रीचा तपशील असतो. आईची वहीही न्या. कार्डाला बाजूच्या खोलीतलं ऐकू येत नाही.

रविवारी फोन करते. आई, ५ तारखेच्या ओळीपुढे कंसात 'पंखा?' असं लिहिलंयस, ते काय ते तेव्हा सांग.

तुमची,
धाकटी

ता. क. स्ट्रॉचा प्रयोग करताना भांडं परातीत ठेव. हळूच फुंका म्हटलं तरी बाबा पहिल्यांदा जोरातच फुंकणार.