माझा डावा कान घडवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

समोर बसून आभार मानायला गेले की तुम्ही "पुरे गं" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. आणखी एक कारण आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू न येणाऱ्या कानात ऑपरेशन करून बसवायचं मशीन, करायचं ठरलं की घराघरांत डॉक्टर, मशीन, खर्च यांची खूप चर्चा होते. त्यानंतर रोज संध्याकाळी शेजारी बसून बोलणारं माणूस लागतं, हे कुणी बोलत नाही. मला ते माणूस मिळालं.

उजव्या कानात इम्प्लांट होऊन काही वर्षं झाली होती. पतसंस्थेच्या काउंटरवर एक कान आणि समोरच्याचे ओठ, एवढ्यावर मी काम निभावत होते. २०२० मध्ये मास्क आले आणि ओठ दिसेनासे झाले. काचेपलीकडचा माणूस सात हजार म्हणाला की साठ हजार, हे पुन्हा पुन्हा विचारावं लागायचं. शिवाय एकच कान ऐकत असला की आवाजाची दिशा कळत नाही. डावीकडचा आवाज डाव्या कानाला किंचित आधी आणि जास्त मोठा पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. दुसरा कानच नसेल तर फरक कुठला? कोल्हापुरात व्हीनस कॉर्नरला हॉर्न वाजला की मी जागच्या जागी थांबून चारी बाजूंना बघायची.

डाव्या कानातही इम्प्लांट करायचं म्हटलं, तर घरच्यांचं म्हणणं, एकानं भागतंय की, पुन्हा लाखांचा खर्च कशाला. तुम्ही आईला एवढंच म्हणालात, "तो कानपण तिचाच आहे."

ऑपरेशननंतर जखम भरू देतात, मग तीन-चार आठवड्यांनी बाहेरचा प्रोसेसर, म्हणजे आवाज पकडून आत पाठवणारा भाग, लावून मशीन सुरू करतात. त्या दिवशी डाव्या कानात टिकटिक आणि चिरके आवाज आले, शब्द एकही नाही. निरोगी कानात आवाज मेंदूकडे धाडणाऱ्या आतल्या केसपेशी साडेतीन हजारांच्या आसपास असतात. माझ्या इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड, म्हणजे आत करंट देणारी टोकं, आहेत २२. तेवढ्यावरून मेंदूनं भाषा नव्यानं ओळखायची. उजव्याला येत होतं ते डाव्याला आपोआप आलं नाही. ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकण्याच्या तज्ज्ञांनी, मॅपिंग केलं, म्हणजे कुठल्या इलेक्ट्रोडला किती करंट दिला की जेमतेम ऐकू येतं आणि किती दिला की मोठं पण सोसवेल असं वाटतं, ते ठरवून मशीनमध्ये भरलं. मग त्यांनी सांगितलं, रोज थोडा वेळ उजवा प्रोसेसर काढून ठेवा आणि नुसत्या डाव्यानं ऐका. पण ऐकायचं कुणाचं?

तुम्ही जिना चढून आलात. पहिली-दुसरीची पोरं शिकवण्यातच तुमची सगळी नोकरी झालेली, त्यामुळे तुम्हाला काही समजावून सांगावं लागलं नाही. समोर न बसता माझ्या डाव्या खांद्याजवळ, जरा मागे खुर्ची ओढलीत. बहिऱ्या माणसाशी सगळे ओरडून बोलतात, ओरडलं की शब्द आणखी फाटतात. तुम्ही नेहमीच्या आवाजात बोललात. दोनशे पानी वहीत शब्दांच्या जोड्या लिहून आणल्या होत्यात : ताट-थाट, पाट-पाठ, बात-भात, माल-माळ. दोनांतला कुठला, एवढंच आधी विचारायचं. मग भाजीची यादी, मग वाक्यं. 'ळ' पकडायला मला किती दिवस लागले आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे बघितलं नाहीत.

२०२१ चा पावसाळा लागला तशी तुम्ही वही मिटून पेपर उघडलात. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी किती, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, हे कोल्हापुरात लहान पोरालाही पाठ असतं. म्हणूनच तुम्ही आकडे मुद्दाम बदलून वाचायचात. एकोणतीस, एकोणचाळीस. तेहतीस, त्रेचाळीस. मी अंदाजानं उत्तर दिलं की तुम्हाला लगेच कळायचं. "ऐकलंस का ठरवलंस?" हा तुमचा प्रश्न मी आजही काउंटरवर स्वतःला विचारते.

जुलैत एका संध्याकाळी तुम्ही खरा आकडा वाचलात आणि मी उठून आईला सांगितलं, पाणी इशाऱ्याच्या वर गेलंय, खालचं सामान वर घेऊ या. डाव्या कानाला मिळालेली ही पहिली बातमी.

त्या पुराच्या रात्रींसाठी वेगळे आभार. झोपताना दोन्ही प्रोसेसर काढायचे आणि ओल्या हवेमुळे ड्रायबॉक्समध्ये ठेवायचे. ते काढले की मला काहीच ऐकू येत नाही. आईला रात्रीच्या गोळीनं गाढ झोप लागते. तुम्ही अंथरूण घेऊन आमच्याकडे आलात आणि म्हणालात, "वेळ आली तर हलवून उठवते, तू झोप." आणि बाई, मी झोपले.

आता हॉर्न कुठून आला ते बहुतेक वेळा कळतं. लग्नाच्या हॉलमध्ये, चारजण एकदम बोलायला लागले की अजून जड जातं. मिरवणुकीतली हलगी अंगात भिनते, कारण ताल नीट पोचतो. सूर पोचत नाहीत, अभंगाची चाल ओळखता येत नाही. हे मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. इम्प्लांट म्हणजे पूर्वीचाच कान परत, असं समजून आलेली माणसं पहिल्या महिन्यात खचतात आणि सराव सोडतात. डॉक्टरांनी सांगितलेली न्यूमोनियाची लस, एमआरआयच्या आधी दाखवायचं कार्ड, हे सगळं त्यांना समजावणारे भेटतात. संध्याकाळी कोण येणार, ते आधी ठरवा, असं मी सांगते.

मागच्या गल्लीतल्या एका आजोबांना नुकतंच इम्प्लांट झालंय. त्यांच्या सुनेला मी तुमची पद्धत दाखवून आले : कुठं बसायचं, आवाज किती ठेवायचा. तुमची वही माझ्याकडेच आहे, तिची झेरॉक्स काढून त्यांना देऊ का? आजोबांचा जन्म मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात गेला. भाजीच्या यादीच्या जागी गुळाचे दर घातले तर त्यांचं मन लागेल असं मला वाटतं. तुम्ही आणखी काय घालाल ते लिहून पाठवा. किंवा फोन करा, मी डाव्या कानावर घेते.

तुमची,
शाहूपुरीतली शेजारीण