मेन्सचं लिखाण 'सिलॅबस झाल्यावर' नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरमध्ये एमपीएससीच्या पुढे ढकललेल्या परीक्षांच्या बातम्या नेहमी येतात आणि त्या यायलाच हव्यात, पण मुलं स्वतः रोज जे पुढे ढकलतात, म्हणजे उत्तरं लिहायचा सराव, त्याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

मी सदाशिव पेठेत अभ्यासिका चालवतो. राज्यसेवा मेन्स (मुख्य परीक्षा) आता वर्णनात्मक झालीये, म्हणजे पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात मुलं हा बदल पुढे ढकला म्हणून रस्त्यावर उतरली होती आणि मग आयोगाने नवा पॅटर्न २०२५ पासून लागू करायचं जाहीर केलं. ती मागणी बरोबरच होती, गोल काळे करायच्या पॅटर्नवर ज्यांची कित्येक वर्षं गेली त्यांना वेळ मिळायलाच हवा होता. आता नऊ पेपर आहेत, मराठी आणि इंग्रजी फक्त पास होण्यापुरते, बाकीचे सात प्रत्येकी २५० मार्कांचे, म्हणजे १७५० मार्क हाताने लिहून मिळवायचेत.

आणि मला रोज दिसतं ते असं की मुलं दहा-दहा तास डेस्कवर बसतात, हायलाइटर मारतात, नोट्सच्या परत नोट्स काढतात, टेलिग्रामवरून टॉपरच्या उत्तरपत्रिका डाउनलोड करतात, पण कोरा कागद घे आणि एक उत्तर लिहून दाखव म्हटलं की "सर आधी सिलॅबस होऊ दे", "पॉलिटी संपली की सुरू करतो", "सोमवारपासून नक्की". सिलॅबस काही कुणाचा संपत नाही, करंट अफेअर्स तर रोज वाढतच असतं, आणि तोवर प्रिलिम तोंडावर येते, मग तर लिखाणाचं नावच नको.

याला आळस म्हणणं मला अजिबात पटत नाही. सकाळी सहाला येऊन रात्री दहाला जाणारा मुलगा आळशी कसा असेल? वाचताना सगळं येतंय असं वाटतं, लिहायला बसलं की काय येत नाही ते कळतं. घरून पैसे येतायत, वय वाढतंय, गावाकडे सगळे विचारतायत, अशात आपल्या उत्तराने अर्धं पान पण भरत नाही हे बघायला नको वाटतं, त्यापेक्षा अजून एक पुस्तक वाचणं सोपं जातं आणि अभ्यास केल्याचं समाधान पण मिळतं. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी हेच मांडलंय, की चालढकल हा टाइम मॅनेजमेंटपेक्षा नकोशा भावना टाळण्याचा प्रश्न जास्त आहे. म्हणून भिंतीवर नवीन टाइमटेबल चिकटवून काही होत नाही, पहिलं पाऊल इतकं छोटं करावं लागतं की भीती वाटायचं कारणच उरणार नाही.

आमच्याकडे परभणीकडची एक मुलगी आहे, ती आल्या आल्या मोबाईल बॅगेत टाकते, काल जे वाचलं त्यावरचा एकच प्रश्न घेते, टायमर लावते आणि वेळ संपली की जिथे असेल तिथे थांबते, मग चहाला जाते. सुरुवातीला ती फक्त मुद्दे आणि प्रस्तावनाच लिहायची. उत्तर कसंही झालं तरी तारीख टाकून फाइलला लावते, फाडत नाही. कधी, कुठे हे आधीच ठरलेलं असल्यामुळे "आज लिहू की नको" हा विचारच येत नाही. जर्मनीतले मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी विद्यार्थ्यांना ख्रिसमसच्या सुट्टीत दोन दिवसांत एक रिपोर्ट लिहायला सांगितला होता, त्यात कधी आणि कुठे लिहिणार हे आधी ठरवलेल्यांपैकी साधारण चारातल्या तिघांनी तो वेळेत लिहिला आणि न ठरवलेल्यांपैकी तिघातल्या एकानेच.

अजून एक, ते २१ दिवसांत सवय लागते म्हणणारे रील्स मुलांचं नुकसान करतायत असं माझं स्पष्ट मत आहे. बाविसाव्या दिवशीही जड जायला लागलं की पोरं समजतात आपल्यातच खोट आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असं निघालं, तेही कुणाला १८ तर कुणाला २५४ असा अंदाज. आणि एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यात दिसलं, हे तर मुलांना ओरडून सांगायला पाहिजे कारण एक खाडा झाला की अख्खा महिना सोडून देणारे मी खूप बघितलेत.

तर माझी आपल्याला विनंती आहे की शिक्षणाच्या पानावर रोज मेन्सचा फक्त एक प्रश्न छापा, आणि दुसऱ्या दिवशी त्याचे चार-पाच मुद्दे द्या, पूर्ण मॉडेल आन्सर नको, नाहीतर ते वाचूनच समाधान होईल. पुण्यात टेस्ट सिरीज तरी आहेत, पण किनवट, अक्कलकुवा, जत अशा ठिकाणी जो पोरगा गावातल्या वाचनालयात बसून तयारी करतो त्याच्या हातात सकाळी पेपर असतो. यूपीएससीच्या जुन्या मेन्सचे पेपर आयोगाच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यातून आणि राज्याच्या विषयांवर प्रश्न निवडून द्यायला आमच्याकडची सिनियर मुलं तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललोय. आपण फक्त जागा द्या.

आपला,
एक अभ्यासिका चालक,
सदाशिव पेठ, पुणे